दहा बैलगाड्या, दोन अमेरिकन

बोरदड्याच्या मरीमायच्या यात्रेत भगतानं बारा गाड्या ओढायच्या ही पद्धत किती जुनी, ते गावात कुणालाच माहीत नाही. त्यामुळे प्रत्येक जण ठासून सांगतो. कुणी दोनशे वर्षं म्हणतं, कुणी पाचशे. धुळ्याहून जळगावकडे जाताना पारोळ्याच्या अलीकडे आत वळलं की दोन किलोमीटरवर हे गाव. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी उन्हं कलली की बारा बैलगाड्या एकामागे एक दोरखंडानं बांधायच्या, त्यांत गाव बसवायचं, आणि भगतानं अंगाला हळद फासून, पुढचा दोर कमरेला बांधून, मारुतीच्या पारापासून मरीमायच्या दरवाजापर्यंत त्या ओढत न्यायच्या. तीनशे पावलं. रस्ता जरासा उताराचा आहे, पण ते बोलायचं नसतं. बैल त्या दिवशी बाजूला उभे राहून बघतात. वर्षातला त्यांचा तेवढाच काय तो आवडता दिवस असेल.

भगत म्हणजे गिरधर. वय एकसष्ट. सव्वीस वर्षं त्यानं गाड्या ओढल्या, त्याआधी त्याच्या बापानं. एरवी शेती, चार बकऱ्या आणि बायको वच्छलाबाईची बोलणी, असा त्याचा संसार. पण आखाजीच्या दुसऱ्या दिवशी तहसीलदारसुद्धा त्याच्या पाया पडायचा.

मागच्या वर्षीही गाड्या दरवाजापर्यंत पोचल्या. गुलाल उडाला, ढोल फुटेस्तोवर वाजले. फक्त एक गोष्ट गिरधरला ठाऊक होती, ती बाकी कुणाला नव्हती. दोर सैल होता. पहिल्या पन्नास पावलांनंतर म्हाताऱ्या भगताची दया येऊन गावातल्या पोरांनी मागून गाड्या अशा ढकलल्या, की दोर त्याच्या मांड्यांवर लोंबत होता, आणि तो बिचारा दात-ओठ खात, डोळे फिरवत, काहीच न ओढता पळत होता. घरी येऊन त्यानं हे वच्छलाबाईला सांगितलं.

"मंग बरं व्हयनं ना," ती म्हणाली. "कंबर वाचनी."

कंबर वाचली, पण त्या दिवसापासून गिरधरची झोप गेली. आपल्या अंगात अजून जोर आहे का नाही? एवढंच त्याला कळायला हवं होतं. वर्षभर शेतात काही ओढायची वेळ आली, की तो आधी मागे वळून बघायचा, कुणी ढकलत तर नाही ना.

यंदा अडचण वेगळीच निघाली. गावात बारा बैलगाड्याच उरल्या नव्हत्या. घरोघर ट्रॅक्टर. जुन्या गाड्यांची चाकं हायवेवरच्या ढाबेवाल्यांनी शोभेला नेलेली. मागच्या वर्षीच दोन गाड्या कमी पडल्या होत्या, तेव्हा मंडपवाल्याचा गाडा आणि एक पाणीपुरीची हातगाडी बांधून बारा भरले होते. पाणीपुरीवाल्यानं तर चालत्या यात्रेत धंदाही करून घेतला. देवीनं हरकत घेतली नाही, म्हणजे चाक असलं की चालतं, असा कायदा होऊन बसला. यंदाही गाड्या दहाच.

सरपंच योगेंद्र एके दिवशी सकाळी गिरधरच्या ओट्यावर येऊन बसला. वय एकतीस, दोन वर्षं पुण्यात राहून आलेला. समोर काहीही दिसलं, तरी हे मोबाईलवर कसं दिसेल, असाच विचार करायचा.

"भगतबाबा, दोन गाड्यांची सोय झाली. बाहेरून येताहेत. अमेरिकन."

"बैल बी अमेरिकन शेतस का?" वच्छलाबाईनं आतून विचारलं.

"काकू, मोटारी आहेत. जुन्या, शौकाच्या. एक धुळ्याच्या लीलाधर आबांची. त्यांचं आजोळ आपलं गाव. दुसरी जळगावच्या सुभाषचंद शेठची. त्यांच्या आजोबांचं किराणा दुकान आपल्याच पारासमोर होतं. दोघांनाही देवीचं करायचंय. आणि दोघांनाही दुसऱ्याची मोटार आपल्या मोटारीपुढे काहीच नाही, हे लोकांत सिद्ध करायचंय. फुकट येताहेत, बाबा!"

गिरधरनं तंबाखू मळणं थांबवलं. "एक गोट सांगस, योगेंद्र. यंदा कोणी हात लावाना नही. एक पोऱ्या बी नही. गाड्या मी वढसु."

योगेंद्रनं इकडेतिकडे बघितलं. "बाबा, मग मीही स्पष्टच बोलतो. कमिटीचं ठरलंय. यंदा गाड्या दरवाजापर्यंत नाही पोचल्या, तर पुढच्या वर्षी ट्रॅक्टर ओढेल. तुम्ही ट्रॅक्टरवर बसायचं, हार घालून. मान तुमचाच राहील."

"ट्रॅक्टरवर हार घालीसनी ते नवी बॅटरी बी बसस," गिरधर म्हणाला. "कबूल. पन हात लावाना नही."

पाहुण्या मोटारी आखाजीच्या दिवशीच दुपारी आल्या. आधी आली जळगावची. शेव्हरोले इम्पाला, एकोणीसशे पासष्ट साल. दुधी रंग, लांबी एवढी, की तोंड पाराशी आलं तेव्हा शेपूट अजून वळणावर होतं. तिच्यातून सुभाषचंद शेठ उतरले. पांढराशुभ्र सफारी, कपाळावर केशरी टिळा, आणि हातात फडकं. गाडीला कुणाचं बोट लागलं की पुसायला. जळगावहून यायला त्यांना सव्वा तास लागला होता, पण वाटेतल्या दोन पेट्रोल पंपांवर आता त्यांना घरच्यासारखं ओळखत होते.

धुळ्याची तासाभरानं आली. फोर्ड, मॉडेल ए, एकोणीसशे एकोणतीस. काळी, उंच, सरळ उभी. चष्मा लावलेल्या मास्तरीणबाईंसारखी. लीलाधर आबा स्वतः निवृत्त ड्रॉइंग मास्तर. टोपी, धोतर आणि डोळ्यांवर मोटारसायकलवाल्याचा गॉगल. पस्तीस किलोमीटरला साडेतीन तास लागले होते.

"शेठ, गाडी तुमची देखणीच आहे," आबांनी उतरल्या उतरल्या सुरुवात केली. "पण तुमची जन्माला आली तेव्हा हिच्या गाठीशी छत्तीस वर्षांचा अनुभव होता."

"दिसतोय ना अनुभव," शेठ म्हणाले. "हायवेच्या चढावर म्हणे तुम्हाला बैलगाडी मागे टाकून गेली."

"ती रिकामी होती."

"माझ्या गाडीत आठ सिलिंडर आहेत, आबा."

"माझ्या गाडीत चार. पण चारही माझं ऐकतात."

"माझ्या गाडीला गेअर टाकावा लागत नाही. आपोआप पडतो."

"माझ्या गाडीचे पार्टही आपोआप पडतात. त्याचं मी कौतुक सांगत फिरत नाही."

पारावर गाव जमलं. बायका इम्पालाच्या डिकीत डोकावल्या. "ह्यामा तं मन्हा सालभरना गहू मावी जाई," वच्छलाबाई म्हणाली. मग ती फोर्डकडे गेली. तिच्या दाराबाहेर पाय ठेवायला लांब फळी होती, आत बसलं की माणूस चारचौघांत उंच दिसायचं, आणि स्टिअरिंगच्या चाकाच्या मधोमध एक बटण होतं. ते दाबल्यावर गाडी रेडकू हरवलेल्या म्हशीसारखी ओरडली. अख्खा पार दचकला. वच्छलाबाईनं पुन्हा दाबलं.

"मी हाईमाच बसस," तिनं जाहीर केलं. "सव्वीस वरीस दरवाजामा पानीना लोटा धरीसनी उभी ऱ्हायनू. यंदा बसीसनी येसु."

आबा खुलले. "अक्का, भोंगा वाजवायचा तर ही चावी अशी उजवीकडे ठेवायची. वायरिंग मीच केलंय."

आता प्रश्न आला, की बारा गाड्यांत कुणाची मोटार कुठे. शेठना पहिला नंबर हवा होता, आबांनाही. निवाडा करायला गिरधरला बोलावलं. आणि मग बोरदड्यानं असा प्रकार पाहिला, जो बहुधा अमेरिकेतही कुणी केला नसेल. दोन मोटारींची तुलना एका माणसानं त्या कमरेला बांधून केली.

गिरधरनं आधी बैल बाजारात बघावेत तशा दोन्ही बघितल्या. मागून, पुढून, खाली वाकून. इम्पालाच्या बॉनेटवर थाप मारली, शेठनी लगेच ती जागा पुसली. मग त्यानं फोर्डला दोर लावला, झटका दिला, आणि ती उंच बारीक चाकांवर मागे मागे चालत आली. "कालवड शे," तो म्हणाला. मग इम्पाला. ती पहिल्यांदा हललीच नाही. गिरधरनं पाय रोवले, मान खाली घातली, कपाळाच्या शिरा फुगल्या. ती हलली आणि चालायला लागली. मग मात्र ती थांबेना. शेठ आत बसून होते, त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा कुठे थांबली. तीही जागच्या जागी.

"हाई म्हैस शे," गिरधरनं निकाल दिला. "उठाले जड, पन उठनी का कोनं ऐकस नही. आबा, तुमनी मोटरले ब्रेक कसा शेतस?"

आबांनी घसा खाकरला. "ब्रेक आहेत. पण ते विनंतीअर्जासारखे आहेत. केला, की विचार होतो."

"मंग ते सोपं शे. म्हैस मन्हा मांगे, पयला नंबर. बारा गाड्यास्मा खरा ब्रेक एकच शे, तो मन्हा जोडे पाहिजे. कालवड हलकी, ती शेवटले."

शेठनी विजयी मुद्रेनं फडकं झटकलं. शेवटचा नंबर म्हणजे अखेरचा मान, अशी आबांनी स्वतःची समजूत घातली. पण त्यांना पुढे राहून मोबाईलवर चित्रण करायचं होतं, कारण धुळ्यात यावर कुणीही विश्वास ठेवला नसता. मग फोर्डचं चाक कोण धरणार?

गावात असला जुना गेअर कळणारा एकच माणूस होता. झुलाल नाना. वय अठ्ठ्याहत्तर. नानांनी बत्तीस वर्षं शिरपूर ते पिंपळनेर एक खासगी बस चालवली होती. तिच्या मालकाला नवी बॅटरी घेणं म्हणजे व्यसन वाटायचं, त्यामुळे ती बस रोज, प्रत्येक थांब्यावर, प्रवाशांनी धक्का मारूनच सुरू व्हायची. लोक तिकीट काढायचे, उतरायचे, ढकलायचे आणि पळत पळत चढायचे. नाना फोर्डमध्ये बसले, गेअरच्या दांड्यावर हात फिरवला, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नाना, काही करायचं नाही," आबांनी तीनतीनदा बजावलं. "गाडी न्यूट्रल. तुम्ही फक्त चाक सरळ धरायचं."

"माले शिकाडस का?" नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता ऊन नरम पडलं. म्हणजे त्रेचाळीसचं एक्केचाळीस झालं. पारापासून मागे अशी रांग लागली होती. पुढे दुधी इम्पाला, तिच्यामागे दहा बैलगाड्या, आणि टोकाला काळी फोर्ड. सगळ्यांत माणसं चढलेली. इम्पालात सात, टपावर कुणी नाही, कारण शेठनी टपाला शपथ घातली होती. फोर्डमध्ये आत सहा आणि फळ्यांवर आठ. पुढच्या सीटवर नानांशेजारी वच्छलाबाई, अंगावर नवं लुगडं, बोट भोंग्यावर.

योगेंद्रनं लाऊडस्पीकरवरून सांगितलं, "कृपया लक्ष द्या! यंदा गाड्यांना कोणीही हात लावायचा नाही! सगळ्यांनी हात वर ठेवायचे!" गावानं हात वर केले. पोलीस बंदोबस्ताला आलेल्या हवालदारानंही सवयीनं केले.

गिरधर हळदीनं पिवळा झाला होता. त्यानं देवीचं नाव घेतलं, गाड्यांना पाच फेऱ्या मारल्या, आणि दोर कमरेला आवळला. दोन्ही बाजूंना दोघे बगले, म्हणजे भगताच्या काखेला हात देऊन पळणारे गडी. डोळ्यांत हळद उतरली होती, म्हणून त्यानं ते मिटून घेतले. तसाही त्याला रस्ता बघायचा नव्हता, दोर कळायला हवा होता.

"मरीमाय की..."

"जय!"

त्यानं अंग पुढे टाकलं. दोर ताणला. काहीच झालं नाही. मागे अर्धं गाव बसलं होतं, पोटातल्या तूरडाळीसकट. एका बाईचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला, "यंदा काही खरं नही." त्यानं पाय मातीत रुतवले. कमरेत काहीतरी कडकडलं, दोर की मणका ते कळलं नाही. मग पाठीमागे एक चाक कुरकुरलं. दुसरं कुरकुरलं.

एक पाऊल. दोन. तीन.

दोर ताठ होता. वीणेच्या तारेसारखा ताठ, पोटात रुतत होता, कातडी सोलत होता, आणि गिरधरला इतकं बरं वाटत होतं, की त्याला ओरडावंसं वाटलं. पन्नास पावलं झाली. मागच्या वर्षी इथंच तो सैल पडला होता. आता नाही. शंभर. श्वास भात्यासारखा. दीडशे. उतार लागला, गाड्यांनी वेग धरला, आणि तो पळू लागला. दोर ताठच. मागून, लांबून, भोंगा ओरडला. वच्छला. दोनशे. दोनशे पन्नास. हलक्या चालीनं पळणाऱ्या घोड्याइतका वेग आला होता.

त्याच वेळी रांगेच्या टोकाला झुलाल नाना निमूट चाक धरून बसले होते. निदान त्यांचं म्हणणं तसं आहे. पण बत्तीस वर्षांत त्यांच्या पायांना एकच गोष्ट शिकवली गेली होती. गाडी बंद असताना चालायला लागली, खालून खडखडाट येऊ लागला, आणि तो खडखडाट एका ठरावीक सुरात लागला, की वेळ झाली. नानांचं डोकं न्यूट्रलमध्येच होतं. पण डावा पाय आपसूक क्लचवर गेला, हातानं दुसरा गेअर टाकला, आणि पुढे गिरधर रस्त्याकडेच्या पाण्याच्या टाकीपाशी पोचला, तेवढ्यात इकडे पायानं क्लच सोडला. चावी चालूच होती, कारण वच्छलाबाईला भोंगा हवा होता.

फोर्ड एकदा शिंकली, दोनदा खोकली, आणि धडधडून सुरू झाली.

पुढे गिरधरला एवढंच कळलं, की दोर सैल पडला. पोटावरचा ताण गेला. त्याच्या छातीत आग भडकली. ढकललं! शेवटी ढकललंच मेल्यांनी! त्यानं डोळे उघडले आणि पळता पळता मागे वळून ओरडला, "कोनी हात लाया रे?"

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उरलेलं गाव हात वर करून उभं होतं. कुणाचाच हात गाडीला नव्हता. आणि बारा गाड्या त्याच्या अंगावर चालून येत होत्या.

बगले शहाणे. एक डावीकडच्या रसवंतीत शिरला, दुसरा उजवीकडच्या बांगड्यांच्या दुकानात. इम्पालाचं रुंद तोंड गिरधरच्या पाठीशी आलं, तशी त्यानं उडी मारली आणि तो बॉनेटवर मांडी घालून बसला. कमरेला दोर, अंगभर हळद, आणि दोन्ही हात हवेत. तसाच तो मरीमायच्या दरवाजासमोरून गेला. तिथं योगेंद्र आरतीचं ताट घेऊन उभा होता. ताट तसंच राहिलं, गाड्या पुढे गेल्या. लीलाधर आबा मोबाईल धरून शेजारून पळत होते आणि ओरडत होते, "ती माझी आहे! आवाज ऐका! चारही सिलिंडर!"

पेढ्यांची दुकानं गेली. पाळणा गेला. पुढे शाळेचं मैदान, त्यापुढे नाला.

इम्पालात सुभाषचंद शेठ ब्रेकवर उभे होते. इंजिन बंद असलं की त्या गाडीचा ब्रेक दगड होतो. तो दाबायला पैलवान लागतो. काचेतून समोर त्यांना फक्त भगताची पिवळी पाठ दिसत होती. शेठनी नवकार मंत्र म्हटला, पाठ सीटला टेकवली, दोन्ही पाय एका पेडलवर रोवले आणि सहासष्ट वर्षांचं सगळं वजन त्यावर टाकलं. चाकं किंचाळली. म्हैस जागच्या जागी बसली. तिच्यावर पहिली बैलगाडी आदळली, तिच्यावर दुसरी, असं करत करत धक्का टोकापर्यंत गेला, आणि फोर्ड दहा गाड्यांचं ओझं, त्यांतली माणसं आणि शेठचे दोन पाय एवढं सगळं ढकलता ढकलता थकली, हिसका देऊन बंद पडली.

नाला बारा पावलांवर होता.

मग शेवटच्या गाडीतून भोंगा वाजला. वच्छलाबाई धड होती.

कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. इम्पालाच्या मागच्या दिव्याची काच फुटली होती आणि बॉनेटला मांडी घातलेल्या माणसाच्या आकाराचा खळगा पडला होता. आणि गाव तर वेडं झालं होतं. बारा गाड्या दरवाजापर्यंत काय, दरवाजाच्याही पुढे शंभर पावलं! हात न लावता! देवीनं भगताला वर उचलून बसवलं! लोक गिरधरच्या पाया पडायला धावले. त्याचे पाय सापडेनात, म्हणून काहींनी बॉनेटला हळदकुंकू लावलं.

गिरधर खाली उतरला आणि दरवाजासमोरच्या ओट्यावर जाऊन बसला. ढोलवाले जवळ आले, त्यानं त्यांना हात करून थांबवलं.

"ऐका रे," तो म्हणाला. "गाड्या मी पोचाड्या नहीत. दोर सैल व्हता. मोटरनी ढकल्यात."

योगेंद्र खाली वाकून कुजबुजला, "बाबा, गप्प बसा ना! आबांचा व्हिडिओ अर्ध्या तासात अकरा हजार लोकांनी बघितलाय. त्यात तुम्ही बॉनेटवर बसून आशीर्वाद देताय."

"आशीर्वाद नही भो. थांबा थांबा सांगी ऱ्हायनू व्हतू!"

लोक हसले, पण गिरधर हसला नाही. "ठरेल व्हतं ना? मी पोचाड्या नहीत, ते पुढला वरीस ट्रॅक्टर. बोलेल गोट फिरावस नही मी."

ओट्याभोवती चुळबूळ झाली. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत झुलाल नाना आले. आतापर्यंत ते आबांच्या शिव्या खात होते, तोंड मात्र नवरदेवासारखं फुललेलं.

"गिरधर," नाना म्हणाले, "दोर कव्हय सैल पडना?"

"टाकीपासी."

"बराबर. तू तठे पोचना तव्हयच मी क्लच सोडा. तठलोंग दोर कसा व्हता?"

"ताठ."

"मंग?" नाना गर्दीकडे वळले. "अरे, बत्तीस वरीस लोकेस्ना धक्कावर पोट भरेल शे मी. पुरा धक्का लागना नही, ते गाडी सुरू व्हस का? मन्हा पाय तवलोंग क्लच सोडसच नही, इचारा त्याले. मन्ही बसले आठ जन लागेत, आठ! जेवन करीसनी येल आठ जन! आनि ह्या एकला मानूसनी हळद लाईसनी, डोळा मिटीसनी, अकरा गाड्यास्ना मांगे जी बारावी शे, ती सुरू करी दिधी!"

सगळ्यांत आधी ते लीलाधर आबांच्या लक्षात आलं. "खरंय," ते हळूच म्हणाले. "मी चारचार माणसं लावतो तिला. तरी सकाळी कुरकुरते."

"माझी असती, तर सुरू झालीच नसती," सुभाषचंद शेठ म्हणाले. त्यांचा सफारी आता पांढरा राहिला नव्हता. "धक्क्यानं सुरू होत नाही ती. कितीही ओढा. तेवढं तुमच्या गाडीत आहे, आबा. मान्य करतो."

"आणि माझी पुढे असती, तर आपण आत्ता नाल्यात बसून बोलत असतो," आबा म्हणाले. "थांबायचं कसं ते तुमच्या गाडीला कळतं." दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि एवढं कबूल केल्याचा दोघांनाही लगेच पस्तावा झाला. "सव्वा टन कमी असतं, तर अजून लवकर थांबली असती," आबांनी जोडून टाकलं.

"आणि विनंतीअर्ज मंजूर झाला असता, तर माझी काच वाचली असती."

गिरधर मात्र काही ऐकत नव्हता. त्यानं मान खाली घालून पोट बघितलं. दोराचा लालभडक वळ कमरेभर उमटला होता. एका बाजूनं दुसऱ्या बाजूपर्यंत, सलग. मागच्या वर्षी असला वळ नव्हता. त्यानं त्यावरून बोट फिरवलं आणि चुरचुरल्यावर "स्स" केलं. एखाद्याला पगारवाढीची चिठ्ठी मिळावी तसा चेहरा झाला त्याचा.

"टाकीपासून दरवाजा किती शे?" त्यानं विचारलं.

"चाळीस पावलं," कुणीतरी म्हणालं.

"म्हंजे चाळीस ऱ्हायनात. बाकीना मी वढ्यात." तो योगेंद्रकडे वळला. "सरपंच, तू बोल आते. ट्रॅक्टर का मी?"

योगेंद्रनं मोबाईल खिशात घातला. गेल्या दोन वर्षांत हे त्यानं पहिल्यांदाच केलं असावं. "बाबा, ट्रॅक्टरला कुणी अकरा हजार जण बघतं का? पुढच्या वर्षीही तुम्हीच. पण वैद्याला आधी कंबर दाखवा. आणि नाना तुमच्या डोळ्यांसमोर बसतील. गाडीत नाही."

"मी काय करं?" नाना दुखावले.

गुलाल उडाला, ढोल वाजले. शेठनी तिथंच जाहीर केलं, की बॉनेटचा खळगा काढायचा नाही, कारण लग्नाला गाडी मागायला येणारे आता तो बघूनच येतील. आबा म्हणाले, पुढच्या वर्षी पहिला नंबर फोर्डचा. शेठ म्हणाले, मग आम्ही येत नाही. आबा म्हणाले, वचन द्या. दोघांचं पुन्हा जुंपलं.

गर्दी पांगली तसा गिरधर उठून पाण्याच्या टाकीपाशी गेला. तिथून दरवाजाकडे एकेक पाऊल मोजत निघाला. कंबर धरून, पण ताठ. वच्छलाबाई त्याच्या बरोबरीनं चालू लागली, तीही मोजत. दरवाजाशी दोघं थांबली.

"चाळीस," तो म्हणाला. "बराबर चाळीस."

"छेचाळीस," ती म्हणाली.

"तुन्हा पावलं ल्हाना शेतस."

"तुन्हा बी पुढला वरीसलोंग ल्हाना व्हतीन. छेचाळीसच धर."

गिरधर कमरेवर हात ठेवून टाकीकडे वळून बघत राहिला. मनातल्या मनात त्यानं दोर पुन्हा बांधला, पाय रोवले, आणि अंदाज घेतला.

"छेचाळीस ते छेचाळीस," तो म्हणाला. "वढसु."